कामापुरतं गाव

‘तुम्ही तुमच्या शहरात सुखी आहात का?’ असं लोकांना विचारण्याची अलीकडे एक रीतच पडली आहे. केंद्र सरकारने २०१८ साली आणि पुन्हा २०२० साली देशातल्या १११ शहरांची, तिथे राहणं किती सुखाचं आहे यावरून क्रमवारी लावली. पहिल्या खेपेला पुणे पहिलं आलं. दुसऱ्या खेपेला मोठ्या शहरांत बंगळूर पहिलं आणि पुणे दुसरं. त्या खेपेला खुद्द नागरिकांना काय वाटतं, यालाही गुण होते. जगातल्या देशांचाही असा अहवाल दरवर्षी निघतो. २०२५ च्या अहवालात १४७ देशांमध्ये भारताचा नंबर ११८ वा होता. त्यासाठी माणसाला सांगतात, डोळ्यांपुढे एक शिडी आणा. सगळ्यात खाली शून्य, सगळ्यात वर दहा. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात ते सांगा. आमच्याकडच्या बाईला शिडी म्हटलं की माळ्यावरून काय काढायचं राहिलंय ते आधी आठवेल, हा भाग सोडा.

जामखेडचं नाव अशा कुठल्याच यादीत नसतं. आमचं तालुक्याचं गाव. रेल्वे नाही, जिल्ह्याचं ठिकाण पाऊणशे किलोमीटरवर. एका अंगाला बीड, दुसऱ्या अंगाला धाराशिव, तिसऱ्या अंगाला सोलापूर. दहा-एक वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली, म्हणून आता शहर म्हणायचं. पण समजा, उद्या कुणी हा प्रश्न घेऊन जामखेडात आलं, तर काय होईल? वही घेतलेला मुलगा दारात उभा राहील आणि विचारेल, ‘घरात कोण आहे?’ आतून बाई सांगेल, ‘कुणी नाही.’ ती स्वतः उंबऱ्यात उभी आहे, आणि सांगते की घरात कुणी नाही! मग तो मुलगा पुढच्या घरी जाईल, किंवा चौकात जाऊन चहा पिणाऱ्या चार पुरुषांना विचारेल, आणि अहवालात लिहील की जामखेडचे रहिवासी समाधानी आहेत.

बाईलाच विचारलं, तरी ती काय म्हणेल? ‘बरं चाललंय की.’ या तीन शब्दांवर विसंबून आपल्या समाजाने शेकडो वर्षं काढली आहेत. सासूसमोर, नवऱ्यासमोर, वही घेतलेल्या परक्या मुलासमोर बाई दुसरं काय बोलणार? तिच्या सुखाचं मोजमाप तिच्या या उत्तरावरून करणं म्हणजे कैद्याला जेलरसमोर जेवण कसं आहे ते विचारण्यासारखं आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की बाईला ‘सुखी आहेस का’ हे विचारूच नका. तिला विचारा: तुझ्या गावात, काहीही काम नसताना, सोबत कुणीही नसताना, तू किती वेळ थांबू शकतेस? आणि कुठे? गाव आपलं आहे की नाही, हे काम चालू असताना कळत नाही. ते काम संपल्यावर कळतं.

पुरुषाचं काम संपलं की गाव सुरू होतं. तहसीलमध्ये उतारा काढून झाला, की तो टपरीवर येतो. तिथून सलूनमध्ये पेपर वाचतो. खर्डा चौकात कुणी भेटतं, अर्धा तास जातो. संध्याकाळी पारावर. त्याला कुणी विचारत नाही, इथे का उभा आहेस? गावात असणं हेच त्याचं गावातलं काम असतं. बाईचं तसं नाही. दवाखाना, बाजार, शाळेची फी, बँक, देऊळ, नागपंचमीला नागेश्वराची यात्रा, कुणाच्या घरी हळदीकुंकू नाहीतर दहावं. प्रत्येक वेळी हातात पिशवी, कागद नाहीतर मूल. हातातली पिशवी हाच तिचा परवाना. बाजार झाला, की ‘चल’. पिशवी न घेता बाई चौकात दहा मिनिटं उभी राहू दे, एकजण तरी येऊन विचारेलच, ‘ताई, कुणाकडे जायचंय?’ विचारणारा माणूस वाईट नसतो, मदतीच्याच भावनेने विचारतो. पण ‘तू इथली असूच शकत नाहीस, तुला कुठेतरी पोचायचं असणार’, हे त्याने धरूनच चाललेलं असतं.

आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांतली हॉटेलं आठवा. पुढे बाकडी, तिथे पुरुष. मागे किंवा माडीवर, पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’. एकटी बाई चहा प्यायला गेली, की तिला पुढे बसता येत नाही, आणि फॅमिली रूममध्ये जावं तर ती फॅमिली नाही! नवरा बरोबर असला की दोघांची फॅमिली होते. दोन मैत्रिणी मिळून फॅमिली होत नाही. पोऱ्या गोंधळतो आणि म्हणतो, ‘मावशी, पार्सल देऊ का?’ गावाने बाईसाठी चहासुद्धा पार्सलमध्ये ठेवला आहे.

चौकातले फ्लेक्स बघा. वाढदिवस, निवड, अभिनंदन, आगमन. शंभर चेहरे, पांढरे शर्ट, गळ्यात चेन. बाईचा चेहरा दोनच वेळा दिसतो. एक, ती निवडून आली तर, आणि तेव्हा तिच्या शेजारी तेवढाच मोठा फोटो तिच्या नवऱ्याचा. दुसरा, ती वारली तर.

आणि आता ज्याबद्दल बोलायची आपल्याला लाज वाटायला शिकवलेली आहे, ते. तालुक्याला यायचं म्हणजे वस्तीवरून सकाळी निघायचं, संध्याकाळी परत पोचायचं. मधल्या आठ-नऊ तासांत लघवीला कुठे जायचं? पुरुषाला भिंत असते. बाई सकाळपासून पाणीच पीत नाही. उन्हाळ्यात, आमच्या दुष्काळी तालुक्यात, चाळीस अंशांच्या वर ऊन असताना ती तोंडाला पाणी लावत नाही. घरी जाऊन आग होते, ताप येतो, डॉक्टर गोळ्या देतात आणि ‘पाणी भरपूर प्या’ असं सांगतात. जिथे स्वच्छतागृह असतं तिथेही दाराला कडी नसते, नळाला पाणी नसतं, दिवा नसतो, नाहीतर कुलूप असतं. मुंबईत २०११ साली स्त्रियांच्या संघटनांनी ‘राइट टू पी’ नावाने मोहीम उघडली. त्यांनी दाखवून दिलं, की पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे, असा हिशेब सर्रास चालतो. एवढ्या मोठ्या महानगरात ही गत, तर तालुक्याची काय कथा! ज्या गावात दिवसभर लघवी तुंबवून ठेवावी लागते, तिथे आपलं स्वागत आहे असं कुणी म्हणू नये.

यावर मला एक उत्तर नेहमी मिळतं. ‘अहो, बायका आता किती हिंडायला लागल्यात! मार्च २०२३ पासून एसटीला अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तर गाड्यांत पुरुषांना जागा नाही.’ हे बोलताना लोक हसतात. मला त्या हसण्यातच सगळं दिसतं. बाई माहेरी गेली, देवाला गेली, बहिणीला भेटून आली, यात हसण्यासारखं काय आहे? इतकी वर्षं ती का जात नव्हती, हे कुणाच्या मनात येत नाही. पन्नास रुपयांचे पंचवीस झाल्याबरोबर ज्या अर्थी गाड्या बायकांनी भरल्या, त्या अर्थी त्यांना घरात बसून राहायची हौस नव्हती. तिकिटाचे पैसे त्यांच्या हातात नव्हते. पुढे २०२४ साली लाडक्या बहिणीचे पंधराशे सुरू झाले. पैसे आले ते चांगलंच झालं. पण बहीण म्हणजे कोण? भावाच्या घरची पाहुणी. ओवाळणी पाहुणीला देतात, घरच्या माणसाला हक्काचा वाटा देतात.

आता या पाहुणेपणाच्या मुळाशी जाऊ. मी जामखेडात लग्न करून आले त्याला तीस वर्षं होतील. माझी मुलं इथली, मत इथलं, म्हातारपण इथलं. तरी अजून कुणी नवीन भेटलं की विचारतं, ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ माहेरी गेले की तिथल्या बायका म्हणतात, ‘जामखेडची पाहुणी आली.’ म्हणजे इथे मी तिथली आणि तिथे मी इथली. पुरुषाला गाव असतं, बाईला माहेर आणि सासर असतं. दोन्ही दुसऱ्या कुणाची तरी घरं. या दोन्हींतून जिला बाहेर काढलं, तिला मग गावच उरत नाही.

आपल्याच जिल्ह्यात संगमनेरला १९८० च्या दशकात समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी परित्यक्तांचा प्रश्न उभा केला. त्यांनी नुसती पोटगी मागितली नव्हती. स्वतंत्र रेशनकार्ड मागितलं होतं, घर मागितलं होतं. टाकलेल्या बाईला पहिल्यांदा काय लागतं, तर ‘ही इथे राहते’ असं सांगणारा एक कागद. त्याच सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, नवऱ्यांनी आपणहून बायकांच्या नावे जमीन करून द्यायची. १९९४ साली राज्याचं महिला धोरण आलं, त्याच वर्षी महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क देणारा कायदा केला. २००३ साली ‘घर दोघांचे’ हा शासन निर्णय झाला. घराच्या नोंदीत नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायचं. हे सगळं कागदावर आहे. तुम्ही आज घरी गेल्यावर घरपट्टीची पावती काढा आणि नाव वाचा. ज्यांच्या पावतीवर तुमचंही नाव आहे त्यांनी हात वर करा. आणि नोकरीसाठी आलेल्या एकट्या बाईला गावात खोली भाड्याने मिळते का, तेही विचारून बघा. नर्स हवी असते, शिक्षिका हवी असते, बँकेत बाई असली की बायकांना बरं पडतं. पण खोली बघायला ती आली, की पहिला प्रश्न, ‘मिस्टर कुठे असतात?’ मिस्टर नसले तर खोलीही नसते. तिचं काम गावाला चालतं, तिचं राहणं चालत नाही.

‘पण बाई, आमच्या गावात बायका सुरक्षित आहेत’, असं सांगितलं जातं. सुरक्षित म्हणजे काय, हे आमच्या भागाने फार जवळून पाहिलेलं आहे. जुलै २०१६ मध्ये शेजारच्या कर्जत तालुक्यात कोपर्डीला एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिला मारलं. सगळा महाराष्ट्र रस्त्यावर आला, लाखोंचे मूक मोर्चे निघाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. त्याच्या दोन वर्षं आधी, २८ एप्रिल २०१४ रोजी, आमच्याच तालुक्यात खर्ड्याला १७ वर्षांच्या एका दलित मुलाला वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून मारून झाडाला लटकवलं. भर दिवसा, गावात. त्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्येच, त्याच नगरच्या न्यायालयात, सगळे ९ आरोपी निर्दोष सुटले.

दोन्ही लेकरं आपली होती. एकाच्या दुःखाने दुसऱ्याचं दुःख खोडायचं पाप मी करणार नाही. पण या दोन्ही वेळी गावांनी मुलींना काय सांगितलं ते ऐका. कोपर्डीनंतर आयांनी सांगितलं, ‘अंधाराच्या आत घरी ये.’ खर्ड्यानंतर सांगितलं, ‘कुणाशी बोलू नकोस, तुझ्यामुळे कुणाचा तरी जीव जाईल.’ दोन्ही वेळी पायात बेडी मुलीच्याच. खर्ड्याच्या प्रकरणात मुलीला काय वाटत होतं, हे गावाने विचारलं नाही. विचारण्याची गरजही नव्हती, कारण तिथे मुलगी ही माणूस नव्हतीच. ती जातीची इज्जत होती. इज्जत सांभाळतात. दागिना कुलपात सुरक्षित असतो, तशी आमच्या गावात बाई सुरक्षित आहे. त्याच खर्ड्याच्या किल्ल्यापुढे २०२१ साली ७४ मीटर उंच ध्वज उभारला. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईची आठवण म्हणून अभिमान जरूर बाळगावा. पण २०१४ साली त्याच गावात काय घडलं, याची आठवण सांगणारा हातभर दगडसुद्धा गावाच्या मनात येत नाही, तोवर त्या गावात कोण कोण सुखाने राहू शकतं हा प्रश्न उरतोच.

आत्तापर्यंत मी बोलले ते माझ्यासारख्या घरातल्या बायकांविषयी, ज्यांना निदान पाहुणी म्हणून तरी मान आहे. ज्यांना तेवढाही नाही, त्यांचं काय? जामखेडच्या वेशीवर, रस्त्याच्या कडेला लोकनाट्य कला केंद्रं आहेत. तिथे नाचणाऱ्या बायकांच्या जिवावर किती जणांचे धंदे चालतात ते गावाला पक्कं ठाऊक आहे. रात्री ज्या रस्त्याने पुरुष तिकडे जातात, त्याच रस्त्याने ती बाई सकाळी भाजीला गावात आली, की तेच पुरुष तिला ओळखत नाहीत, आणि आपण बायका पदर सावरून बाजूला होतो. आपणही, हे लक्षात ठेवा. शाळेत तिच्या मुलाला बापाचं नाव विचारतात. किशोर शांताबाई काळे यांनी आईचं नाव मधे लावलं, डॉक्टर झाले आणि १९९४ साली ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहून हे सगळं महाराष्ट्रासमोर मांडलं. मुलाच्या नावात आईचं नाव असलं पाहिजे असा नियम सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी केला. पुस्तकानंतर तीस वर्षांनी!

पारधी बाई बाजारात आली की दुकानदार आधी आपला गल्ला बघतो. गुन्हेगार जमातींचा १८७१ चा इंग्रजी कायदा १९५२ साली रद्द झाला. दुकानदाराच्या नजरेतला कायदा अजून चालू आहे. आणि तालुक्यातल्या ऊसतोडीच्या बायका? दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघतात, उन्हाळ्यात परततात. अर्धं वर्ष कारखान्याच्या फडात, कोपीत. तिथे त्यांना कुणी रहिवासी म्हणत नाही, आणि इथे त्या परततात तेव्हा गावाच्या योजना वाटून झालेल्या असतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढण्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांवर बायकांची शस्त्रक्रिया झालेली निघाली. पाळी आली म्हणून खाडा पडू नये, यासाठी पिशवीच काढून टाकायची! गाव कामापुरतं असतं म्हणते ते हे. इथे तर बाईचं शरीरही कामापुरतंच ठेवलं.

एवढं ऐकल्यावर कुणी म्हणेल, ‘ही बाई सगळं काळंच बघते. खेड्यापाड्यात असंच चालायचं, मनं बदलायला शंभर वर्षं लागतील.’ हे मला मुळीच मान्य नाही, आणि मान्य नसण्याचं कारण जामखेडातच आहे.

१९७० साली डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे इथे आले आणि त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या वेळी या भागात जन्मलेल्या हजार बाळांतली १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. शिकलेल्या नर्सबाई खेड्यात टिकेनात, म्हणून गावोगावच्या बायकाच निवडल्या. बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित, कुणी विधवा, कुणी टाकलेली. या बायका शिकायला नियमाने जामखेडला येऊ लागल्या. ज्यांना गावात विहिरीला हात लावू देत नव्हते अशा आणि ज्या हात लावू देत नव्हत्या अशा, दोघी एका जागी जेवल्या, एका खोलीत झोपल्या. गावात बोअर घ्यायची वेळ आली, तेव्हा ती दलित वस्तीत घेतली, म्हणजे पाण्याला सगळ्यांनी तिकडे यावं. महिला मंडळं झाली. बाळंतपणं, जुलाब, क्षय, कुष्ठरोग या सगळ्यांशी या बायका भिडल्या आणि बालमृत्यूचं प्रमाण १७६ वरून पंचवीसच्या आसपास आलं. आरोळे पतिपत्नींना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की डोक्यावरची ही झुंबरं सुंदर आहेत, पण महाग आहेत. माझी पणती साधी आहे, पण ती दुसरी पणती पेटवू शकते. आज मेबलताई नाहीत, रजनीकांतही नाहीत. पण जग अजून इथे बघायला येतं.

मैत्रिणींनो, यातलं मला महत्त्वाचं काय वाटतं ते सांगते. त्या बायकांना जामखेडात जागा मिळाली ती कुणाचं मन बदलायची वाट बघून नव्हे. ती व्यवस्था करून मिळाली. यायचा दिवस ठरलेला. झोपायला खोली. जेवायला ताट. बोलायला वर्तुळ, आणि त्यात सगळ्यांची पाळी. पाण्याची जागा मुद्दाम ठरवलेली. मनं नंतर बदलली, आधी बैठक बदलली. खेड्यातली निरक्षर बाई नवऱ्याशिवाय तालुक्याला येऊन राहू शकते, हे ज्या गावात पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलं गेलं, त्या गावाने ‘अजून काळ यायचाय’ असं म्हणू नये. ते सगळं एका कुंपणाच्या आत आणि तालुक्याच्या खेड्यांत घडलं. आमचा चौक, आमचा बाजार, आमचं स्टँड, आमचा पार मात्र जिथल्या तिथे राहिला. पाहुण्यांना आपण अभिमानाने सांगतो, ‘जामखेड जगात माहीत आहे.’ कशामुळे माहीत आहे? बायकांमुळे! मग त्या बायकांना गावात बसायला एक ओटा तरी आहे का?

आणखी एक नाव आपण मिरवतो. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली आमच्या तालुक्यात चौंडीला झाला. २०२४ साली जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं. मे २०२५ मध्ये त्रिशताब्दीनिमित्त राज्याचं सगळं मंत्रिमंडळ बैठकीसाठी चौंडीला आलं. आनंद आहे. पण अहिल्याबाई कशासाठी ओळखल्या जातात? काशी, गया, सोमनाथ, द्वारका, जिथे जिथे वाटसरू जातो तिथे तिथे त्यांनी घाट बांधले, विहिरी, बारवा, धर्मशाळा बांधल्या. परक्या माणसाला परक्या गावात उतरायला जागा असावी, पाणी असावं, हे त्यांनी राज्यकर्तीचं काम मानलं. पाटी बदलायला रंग लागतो. त्यांच्या वारशाला धर्मशाळा लागते. अहिल्यानगर जिल्ह्यात एकट्या बाईला रात्री कुठे उतरता येईल, याची यादी करायला घेतली तर कागदाची एक बाजूही भरणार नाही.

म्हणून आमचं मागणं सरळ आहे. नगरपरिषदांमध्ये आणि ग्रामपंचायतींमध्ये २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. अंदाजपत्रकाच्या वेळी त्यांनी, आणि त्यांच्यामागे आपण, एवढं तरी मागावं:

स्टँड, आठवडी बाजार आणि तहसील या तिन्ही ठिकाणी बायकांसाठी फुकट स्वच्छतागृह. कडी, पाणी आणि दिवा यांसह. सकाळच्या पहिल्या गाडीपासून रात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंत उघडं.

बाजारात जमिनीवर बसून विकणाऱ्या बायकांसाठी ओटे आणि डोक्यावर सावली.

नोकरी करणाऱ्या आणि शिकणाऱ्या एकट्या बायकांसाठी वसतिगृह, आणि त्यातच रात्रीपुरतं उतरायला दोन खोल्या. जात, नवरा आणि कारण न विचारता.

घरपट्टीच्या प्रत्येक नोंदीवर बायकोचं नाव. टाकलेल्या बाईला आणि कला केंद्रातल्या बाईला तिच्या स्वतःच्या नावाने रेशनकार्ड. पारधी वस्तीला आणि ऊसतोडीच्या कुटुंबांना त्या परतल्यावरही योजनांचा अर्ज.

कॉलेज सुटण्याच्या वेळेला खेड्यांकडे जाणारी गाडी, आणि उतरल्यापासून वस्तीपर्यंत दिवे.

आणि शेवटचं, जे ऐकून लोक सगळ्यात जास्त हसतील: गावाच्या मध्यावर एक जागा, जिथे बायका नुसत्या बसतील. तिथे शिवणक्लास नको, पापड उद्योग नको, संस्कार वर्ग नको, आरोग्य शिबिर नको. पुरुषांच्या पाराला कुणी उद्योग जोडला नाही, आमच्याही जोडू नका. मुंबईच्या तिघी लेखिकांनी २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ नावाचं अख्खं पुस्तक याच मागणीवर लिहिलं. शहरात विनाकारण रेंगाळण्याचा हक्क बाईला हवा, असं त्यांनी म्हटलं. ही श्रीमंत शहरी बायकांची चैन आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा दिवसभर खुरपून आलेल्या बाईला विचारावं, की तुला रोज अर्धा तास नुसतं बसायला मिळालं तर काय करशील? ती आधी तुमच्याकडे बघत राहील. असा प्रश्न तिला कुणी विचारलेलाच नसतो.

आमच्या मंडळाच्या बैठकीत आम्ही ठरवलं आहे, की या मागण्यांचं निवेदन घेऊन जायचं, आणि जाताना पिशवी न घेता जायचं. निवेदन देऊन झाल्यावर लगेच घरी पळायचं नाही. हॉटेलात पुढच्या बाकड्यांवर बसून चहा प्यायचा, पैसे आपण द्यायचे, आणि अंधार पडेपर्यंत गावात थांबायचं. ज्यांच्या घरी स्वयंपाकाला उशीर होईल, त्यांच्या घरच्यांनी त्या दिवशी भाकरी थापायला शिकावं.

तुमच्या तालुक्याच्या गावातही हे करून बघा. बायकांसाठी किती स्वच्छतागृहं आहेत, त्यांतली किती उघडी आहेत, किती बाकं अशी आहेत की जिथे बाई विनाकारण बसू शकते, आणि किती घरपट्ट्यांवर बाईचं नाव आहे, ते मोजा आणि अंकाच्या पत्त्यावर लिहून पाठवा. आम्हीही जामखेडचं मोजून पाठवतो आहोत. सुखाच्या अहवालाचं त्यानंतर बघू.